पाणी पोचतं, निरोप पोचत नाही

मलिकवाड आणि दत्तवाड यांच्यामध्ये दूधगंगेवर एक ठेंगणा पूल आहे. त्याचं एक टोक चिकोडी तालुक्यात, दुसरं शिरोळ तालुक्यात. म्हणजे एक कर्नाटकात, दुसरं महाराष्ट्रात. दोन्ही टोकांना ऊस आहे, दोन्हीकडे मराठी-कन्नड मिसळलेली बोली आहे आणि लेकी-सुना दोन्ही बाजूंनी दिल्या-घेतल्या जातात. काळम्मावाडीच्या डोंगरात चार दिवस पाऊस लागून राहिला की हा पूल पाण्याखाली जातो. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कल्लोळ-यडूर हे त्याचेच भाऊबंद. माझं आजोळ निपाणीकडचं. लहानपणी आजोबा सकाळी एवढंच विचारायचे, "कुठला पूल गेला?" उत्तर ऐकून ते गोठ्यातली जनावरं हलवायची की नाही, ते ठरवायचे. हवामान खात्याचा इशारा तेव्हा रेडिओवर संध्याकाळी यायचा. पुलाचा इशारा सकाळीच आलेला असायचा.

समाज आणि निसर्ग कोसळण्याच्या खुणा कोणत्या, यावर जगभर मोठ्या चर्चा चालतात. पृथ्वीच्या सोसण्याच्या ज्या नऊ सीमा शास्त्रज्ञांनी मांडल्या, त्यांतल्या सहा ओलांडल्या गेल्याचं त्यांनीच २०२३ साली सांगितलं. हे मी नाकारत नाही. पण मला सीमाभागात राहून जे दिसतं ते जरा वेगळं आहे. आमच्याकडे खुणा कमी नाहीत, रोज दिसतात. ज्याला खूण दिसते आणि ज्याच्या हातात निर्णय आहे, त्या दोघांमधली वाट मात्र मोडली आहे. नदी आटणं, जमीन क्षारपड होणं, गावं ओस पडणं हे सगळं नंतरचं. आधी मोडतो तो निरोप. माझ्या लेखी कोसळण्याची पहिली खूण तीच आहे, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ती उघड्या डोळ्यांना दिसते.

याचं एक उदाहरण खूप लांबचं आहे, पण मला ते विसरता येत नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलंड बेटाजवळ कॉड माशाची शेकडो वर्षं मुबलक मासेमारी चालली. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ लहान होड्या घेऊन जाणारे कोळी सांगू लागले की मासा बारीक झालाय, जाळी रिकामी येतात. सरकारी हिशोब मात्र बराचसा खोल समुद्रातल्या मोठ्या यांत्रिक जहाजांच्या आकड्यांवर चालायचा, आणि ते आकडे चांगले होते. उरलासुरला मासा जिथे गोळा व्हायचा तिथे ती जहाजं नेमकी जाऊन पोचायची, त्यामुळे मासा संपत आला तरी त्यांची जाळी भरत राहिली. जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका घोषणेत गेला. खूण दिसली नव्हती असं कसं म्हणायचं? ती लहान होडीवाल्याला दिसली होती, त्याचं बोलणं आकड्यांच्या वहीत बसलं नाही, एवढंच.

आता आपल्याकडे या. बेळगाव जिल्ह्यात आज दोन डझनांहून जास्त साखर कारखाने आहेत. गाळपाचा आकडा दर हंगामात वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो आणि तो वाचून जिल्हा भरभराटीला आलाय असं वाटतं. पण कृष्णाकाठी अथणी-रायबागच्या बाजूला ज्यांनी दोन पिढ्या एकाच रानात ऊस घेतला, त्यांना विचारा. क्षाराने पांढरं फुटलेलं रान काय असतं ते ते दाखवतील. उन्हाळा चढला की त्याच कृष्णेचं पात्र कोरडं पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकाला महाराष्ट्राकडे मागणी करावी लागते. ही मागणी आता इतकी ठरलेली झाली आहे की तिची बातमीसुद्धा आतल्या पानावर असते. ज्या नदीने ऑगस्ट २०१९ मध्ये घरं बुडवली, ती काही महिन्यांत पिण्यापुरतंही पाणी देत नाही, यात काही विपरीत आहे असं वाटायचंच बंद झालं आहे. २०२३ साली कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. पूर आणि दुष्काळ हे दोन वेगळे पाहुणे आहेत असं आम्ही धरून चालतो. ते एकाच घरचे आहेत.

खानापूरची गोष्ट मला जास्त बोचते, कारण ती वरून हिरवीगार दिसते.

मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि भीमगडच्या रानातून म्हादई निघून गोव्याकडे उतरते. कणकुंबी, आमगाव ही कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी. इतक्या पावसाच्या उगमावर जन्मलेली मलप्रभा सौंदत्तीच्या नवलतीर्थ धरणापाशी पोचते तेव्हा, १९७० च्या दशकात बांधलेलं ३७.७३ टीएमसीचं (म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी मावणारं) ते धरण बहुतेक वर्षी भरत नाही. मधे काय होतं? उगमाकडचं रान विरळ होतं, नदीकाठ नांगराखाली जातो, काठावरच्या पंपांनी पाणी उसात जातं, पात्रात वाळू उरत नाही. हा सगळा हिशोब मांडण्याऐवजी उपाय निघाला तो असा, की शेजारच्या म्हादईचं पाणी कालव्याने मलप्रभेत आणायचं. हाच कळसा-भांडुरा प्रकल्प, म्हादईच्या दोन ओढ्यांच्या नावाचा. म्हादई जलविवाद न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं. त्यातलं कळशाचं १.७२ आणि भांडुऱ्याचं २.१८ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायचं आहे. हुबळी-धारवाडच्या, नरगुंदच्या माणसाची तहान खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नरगुंदच्या शेतकऱ्यांनी १९८० साली मलप्रभेच्या पाण्यापायी गोळ्या झेलल्या आहेत. त्यांच्या दुःखावर बोट ठेवायचा अधिकार मला नाही. पण एक नदी आपण वाया घालवली म्हणून दुसरीकडून उसनं घ्यायचं, आणि ते उसनं ज्या रानातून यायचं त्या रानातल्या गावांना विचारायचंच नाही, हे मला पटत नाही.

त्या रानातल्या गावांची नावं बेळगाव शहरातल्या कितीजणांना सांगता येतील? गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, तळेवाडी, कृष्णापूर, आमगाव. भीमगडला डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, जवळपास १९० चौरस किलोमीटरचं. तिथल्या बारापेडे गुहेत वटवाघळाची अशी एक जात राहते, जी जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. तिच्यासाठी रान राखावं हे मला मनापासून मान्य आहे. पण त्याच रानातल्या गावात पावसाळ्यात माणूस आजारी पडला तर त्याला डोली करून खांद्यावरून मैलोन् मैल चिखलातून आणावं लागतं. वर्षानुवर्षं लोक सांगतात, रस्ता द्या, नाहीतर नीट पुनर्वसन करा. उत्तर यायला इतकी वर्षं जातात की तोवर तरुण पोरं गोव्याला, पुण्याला निघून जातात. मग शाळेत चार मुलं उरतात, मग शिक्षकाची जागा रिकामी राहते, मग शाळेला कुलूप. गाव ओस पडायला पूर लागत नाही. खानापूरकडे मराठी शाळा अशाच बंद होत चालल्या आहेत, आणि प्रत्येक बंद शाळेबरोबर त्या रानाबद्दल जाणत्या माणसाने सांगितलेलं ऐकणारी एक पिढी कमी होते. हत्ती कुठून उतरतात, गवीरेडे कुठल्या आठवड्यात भातात येतात, कुठला झरा कधी आटला, हे कुठल्याच कचेरीच्या वहीत नाही. ते त्या माणसांच्या डोक्यात आहे.

शहराला खूण कळते ती फार उशिरा. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ कोर्सच्या परिसरात बिबट्या दिसला तेव्हा आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि कित्येक दिवस हत्ती, ड्रोन, पिंजरे घेऊन शोध चालला. गावभर त्याच गप्पा. खानापूरच्या शेतकऱ्याने भाताच्या पेंढीमागे राखण करत काढलेल्या रात्री मात्र कुणी मोजल्या नाहीत.

आता बेळगाव शहराच्या दारातलं सांगतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, यळ्ळूर या शिवारांत पिकणारा बेळगावचा बासमती ज्यांनी खाल्लाय त्यांना त्याच्या वासाबद्दल वेगळं सांगायला नको. ही काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. पाण्याचा थेंब न देता. तिबार जमीन म्हणतात तिला. या शिवारातून बळ्ळारी नाला जातो. पूर्वी तो शिवाराचं जादा पाणी वाहून न्यायचा. आता वरच्या अंगाला वसाहती झाल्या, गाळ बसला, जलपर्णी माजली, सांडपाणी आलं. जुलैत चार दिवस जोराचा पाऊस झाला की नाला उलटा शिवारात शिरतो आणि नुकतं उगवलेलं भात कुजतं. दुबार पेरणी, मग रोप विकत आणून लावणी, मग तेही गेलं तर भरपाईचा अर्ज. शेतकरी वर्षानुवर्षं एकच सांगतात: नाल्याचा गाळ काढा, रुंदी राखा. दरम्यान त्याच शिवारातून हलगा-मच्छे बायपासचा भराव आला. शेतकरी न्यायालयात गेले, रस्त्यावर बसले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रं उतरली. त्यानंतर रिंगरोड. त्याविरुद्ध शेतकरी चाबूक घेऊन मोर्चाने गेले.

माझ्या शेजारच्या काकांची गोष्ट यातलीच आहे. त्यांच्या दोन एकरांपैकी काही गुंठ्यांबद्दल एका कचेरीतून कागद आला. कागद सगळा कन्नडमध्ये. काकांना कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं. वाचता येत नाही. त्यांनी तो देवघरात ठेवला, नात शाळेतून आल्यावर तिच्याकडून वाचून घेतला. नात सातवीत, कन्नड शाळेत जाणारी. तिने अडखळत वाचलं, आणि शेवटी म्हणाली, "आजोबा, हरकत घ्यायची तारीख परवाच गेली की." काका काहीच बोलले नाहीत. कागद परत देवघरात ठेवला.

या घटनेत कन्नडचा दोष नाही. त्या पोरीला कन्नड येतं म्हणून निदान कळलं तरी. पण मराठी कागदपत्रांची मागणी आम्ही इतकी वर्षं करतोय ती फक्त अस्मितेची आहे असं जे समजतात, त्यांना मला हा कागद दाखवावासा वाटतो. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे आश्वासन राज्य पुनर्रचनेइतकंच जुनं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही ग्रामपंचायतीला माहिती स्थानिक भाषेत द्यायला सांगितलं आहे. वाचता न येणारी नोटीस म्हणजे न पोचलेला इशारा. धरणातून किती पाणी सुटलं, नाल्याची हद्द कुठवर, कुठली जमीन जाणार, पाणी पिण्याजोगं आहे की नाही, या सगळ्या गोष्टी माणसाला त्याला कळेल त्या अक्षरांत कळायला हव्यात. तो माझ्या जगण्याचा हक्क आहे, भाषेच्या अभिमानाच्याही आधीचा.

सीमेने निरोपाची वाट कशी मोडली त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पूर. २०१९ चा पूर आला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला, यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचं पाणी आलं. अलीकडचे म्हणाले, कोयनेतून पाणी सोडून आम्हाला बुडवलं. पलीकडचे म्हणाले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने कृष्णेचं पाणी अडवून आम्हाला बुडवलं. अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय निघाला की सांगली-कोल्हापूर पेटतं, आणि ते मला समजतं. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं त्याला भीती वाटणारच. पण महाराष्ट्रानेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०१९ च्या पुराला अलमट्टी थेट कारणीभूत नसल्याचं म्हटलं, आणि अतिवृष्टीबरोबरच नदीपात्रातल्या अडथळ्यांकडे, अतिक्रमणांकडे बोट दाखवलं, ते दोन्हीकडच्या किती सभांत कुणी वाचून दाखवलं? शत्रू समोरच्या राज्यात असला की आपल्या गावच्या ओढ्यात कोणी भराव टाकला ते विचारावं लागत नाही. ही सोय दोन्ही राज्यांतल्या पुढाऱ्यांना हवीहवीशी वाटते. आणि खरं बोलायचं तर आम्हालाही वाटते.

दोन्ही राज्यं एकमेकांशी बोलतच नाहीत असंही नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळुरात मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले आणि पाण्याची माहिती वेळच्या वेळी देण्याचं ठरलं. अभियंते आज एकमेकांना आकडे कळवतात. राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक आले हे चिकोडीत कळतं. पण ते क्युसेकमध्ये कळतं. एक लाख क्युसेक म्हणजे माझ्या गोठ्यात किती फूट, हे सांगणारं कोणी नाही. आजोबांना "कल्लोळचा पूल गेला" यात जे कळायचं, ते आजच्या मोबाइलवरच्या संदेशात नाही.

इथे मला आमच्याच माणसांचा एक आक्षेप ठाऊक आहे, कारण तो मी घरात ऐकलाय. "आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग नदी-नाल्याचं बघू." १ नोव्हेंबर १९५६ पासून हा प्रश्न आमच्या घरांत आहे. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. ८६५ गावांचा हा लढा लढताना ज्यांनी तुरुंग पाहिला, मार खाल्ला, त्यांच्याविषयी माझ्या मनात फक्त आदर आहे, आणि १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मीही चाललोय. म्हणूनच विचारतो: निकाल लागेल तेव्हा हातात काय उरलेलं असेल? दावा दाखल झाल्यापासून कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ असे महापूर येऊन गेले. शहापूरचं शिवार प्लॉट पडून संपलं, भीमगडची गावं उठून गेली, मलप्रभा नुसती नावाला उरली, तर नकाशावरची रेघ कुठेही सरकली तरी मागे राहील ते एक रिकामं घर. जमिनीसाठी लढणाऱ्याने जमिनीची तब्येत आधी बघायला हवी.

आणि तो प्लॉट पाडतो कोण? तिबार जमिनीचे गुंठे करून विकणाऱ्यांत आमचेच आडनाव-बंधू आहेत. नाल्याच्या काठावर भिंत घालून चार फूट आत घेणाराही बहुतेक वेळा मराठीच बोलतो. राकसकोप जलाशय २४७५ फुटांवर पोचला की शहरात आनंदाने बातमी फिरते, वर्षभराच्या पाण्याची चिंता मिटली. त्याच आठवड्यात मार्कंडेय नदीकाठी आंबेवाडी, कंग्राळीकडच्या भातात पाणी उभं असतं, आणि शहरातल्या कुणाला त्याची गंधवार्ता नसते. माझ्या अंगणातही गेल्या दहा वर्षांत फरशी आली आहे. पाणी जिरायला जागा मीही ठेवली नाही. हे लिहिताना मला त्याचं वाईट वाटतं.

निसर्गाचं वेळापत्रकही आता हाताशी राहिलेलं नाही. खानापूर-बेळगावात रोहिणीच्या आसपास कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करायची पद्धत आहे. २०२५ साली मान्सून २४ मे रोजीच केरळात दाखल झाला, मेअखेरीस आमच्याकडे रानं भिजलेली होती, धूळच नव्हती तर धूळवाफ कसली. असं एखाद्या वर्षी पूर्वीही झालं असेल. पण तेव्हा काय करायचं ते सांगणारा गावात कोणीतरी असायचा, आणि त्याचं ऐकणारेही असायचे. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, वेळूंचं गाव. वेळू फुलला की उंदीर माजतात आणि दुष्काळ येतो, असं जुनी माणसं सांगायची, आणि त्यात तथ्य आहे: सगळं बेट एकदम फुलतं, बी सगळीकडे पडतं, उंदरांची पैदास वाढते, मग ते भातावर पडतात. कितीतरी दशकांनी एकदा होणारी गोष्ट, पण आजी नातवाला सांगून ठेवायची. निरोप पन्नास वर्षं टिकायचा. आमचा निरोप आता परवापर्यंतही टिकत नाही, काकांच्या कागदाने ते दाखवून दिलं.

मग मी काय मागतो? फार मोठं काही मागत नाही. बळ्ळारी नाल्याची हद्द मोजून दगड रोवा आणि गाळ मे महिन्यात काढा, ऑगस्टमध्ये नको. भूसंपादनाचा, पाण्याचा, पुराचा प्रत्येक कागद मराठीतही द्या. कळसा-भांडुऱ्याच्या बाबतीत एक टीएमसी वळवण्याआधी उगमाकडच्या गावांची ग्रामसभा घ्या, आणि तिथे काय बोललं गेलं ते नवलतीर्थाच्या खालच्या शेतकऱ्यालाही कन्नडमधून वाचायला द्या. त्याचा आणि आमचा वैरी एकच आहे, पण एकमेकांचं म्हणणं आम्ही कधी ऐकलेलंच नाही. हिवाळी अधिवेशनाला बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधात, मंत्री येतात तेव्हा मराठी माणसाने काळ्या पट्टीबरोबर नाल्याचा नकाशाही न्यावा.

आणि मलिकवाड-दत्तवाडच्या पुलापासून सुरुवात करावी. पावसाळ्याआधी दोन्ही ग्रामपंचायतींनी एका सकाळी पुलावर भेटावं, चिकोडीकडच्या खांबावर आणि शिरोळकडच्या खांबावर एकच पाणीपट्टी रंगवावी, आकडे देवनागरी आणि कन्नड दोन्ही अक्षरांत, आणि कुठल्या आकड्याला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं ते शेजारी लिहावं. २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते दोन्ही गावांतल्या लोकांना पक्कं आठवतं. रंगाचा खर्च दोन डब्यांचा. आषाढ लागला की कुणीतरी सकाळी जाऊन आकडा बघेल आणि पलीकडच्या सोयऱ्याला फोन करेल.